पेट्रोल भरलं की बिल्जमध्ये वास: जुन्या बोटीचे फिलर आणि व्हेंट पाइप

तक्रार अशी. टाकी भरून बोट खाडीत नांगरून ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा खण उघडल्याबरोबर पेट्रोलचा भपकारा येतो. खाली हात घालून चाचपावं तर ओलं काहीच लागत नाही. दोन फेऱ्या झाल्या, वारा खेळला, की दुपारपर्यंत वास जातो आणि माणूस विसरतो. पुन्हा टाकी भरली की पुन्हा तेच. आमच्या बोटीत हे तीन हंगाम चाललं होतं.

बोट चोवीस फुटी, फायबरची, वीस वर्षांच्या घरातली, सेकंड हँड घेतलेली. मागे एक ओबीएम (बाहेर लटकणारं आउटबोर्ड इंजिन), डेकखाली दोनशे लिटरची ॲल्युमिनियमची टाकी. मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीत असते, हंगामात पर्यटकांना फिरवते आणि मे संपता संपता वर ओढून शाकारली जाते. इंजिन बाहेर लटकलेलं असलं तरी बॅटरी आणि बिल्ज (बोटीचा तळ) उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा, आतच आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी तळाशी साठते, आणि पंपही तिथेच बसवलेला असतो. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. त्यामुळे 'जुनी बोट आहे, थोडा वास यायचाच' हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं म्हटलंय याची आता लाज वाटते.

आधी मी काय काय चुकीचं केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण त्याच वाटेने जातात.

पहिल्या वर्षी फिलर पाइपच्या, म्हणजे डेकवरून टाकीत पेट्रोल नेणाऱ्या पाइपच्या, क्लिपा आवळल्या. वास गेला असं वाटलं. खरं तर तो महिना मंदीचा होता, आम्ही टाकी अर्धीच भरत होतो. दुसऱ्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची सक्शन पाइप आणून फिलरला घातला. तो पाण्याचा पाइप. सहा-सात महिन्यांत तो इतका मऊ पडला की अंगठ्याने दाबला की खळगा तसाच राहायचा. रेडिएटरचा पाइप वापरणारेही पाहिलेत. तो गरम पाण्याला टिकतो म्हणून दणकट वाटतो, पण पेट्रोलने आतून फुगतो. शिवाय हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल घातलेलं ई-२०. वीस वर्षांपूर्वीचं रबर ज्या पेट्रोलच्या हिशोबाने बनलं, ते हे पेट्रोल नव्हेच.

तिसऱ्या वर्षी आमच्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोटीला हात लावायच्या आधी एकच विचारलं.

"वास टाकी भरल्यारच येता मां?"

हो म्हटलं.

"मगे गळती वरच्या अंगाकच आसतली."

हा सगळ्यात कामाचा धागा. वास टाकी पाऊणच्या वर भरल्यावरच येत असेल तर दोष टाकीच्या माथ्यावर किंवा त्याच्याही वर: फिलर पाइप, व्हेंट पाइप (टाकीतली हवा बाहेर सोडणारा), गेजच्या सेंडरचं (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) गॅसकेट, पेट्रोल ओतायच्या तोंडाची डेकवरची प्लेट. टाकी पाव असतानाही वास येत असेल तर इंजिनाकडे जाणारी बारीक लाइन, प्रायमर बल्ब (पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी फुगा), फिल्टर, नाहीतर टाकीच. आणि भरताना पेट्रोल गुडगुडत उलटं तोंडावर येत असेल, तर तो गळतीचा नाही, व्हेंटचा दोष. आमच्याकडे पहिली आणि तिसरी अशा दोन्ही खोडी होत्या आणि मी त्यांना एकच समजत होतो.

"फडको घे, पाइपाक पूस नि मगे वास घेवन बघ," मेस्त्री म्हणाले.

जुना सुती बनियन स्वच्छ धुऊन, वाळवून त्याचे तुकडे केले. एक तुकडा फिलर पाइपवर वरून खालपर्यंत घासला आणि बोटीतून उतरून, वाऱ्यावर जाऊन हुंगला. पाइप डोळ्यांना कोरडा ठणठणीत, पण फडक्याला पेट्रोलचा वास. म्हणजे भोक नाही, चीर नाही, रबरातूनच पेट्रोल झिरपतंय. असा पाइप कितीही क्लिपा आवळून सुधारत नाही, तो टाकायचाच. फडका दर वेळी नवा घ्यायचा आणि हुंगायला बोटीबाहेर जायचं. बोटीत बसून नाकाला सगळंच पेट्रोल वाटतं.

फिलर पाइपचा मधला भाग बाजूच्या पोकळीतून जातो, तिथे मान जात नाही. वाफ असलेल्या खणात विजेरी किंवा मोबाइल घालायची माझी तयारी नव्हती. मेस्त्रींनी दाढीचा आरसा घेऊन बाहेरून उन्हाचा कवडसा आत पाडला आणि दुसऱ्या लहान आरशात बघितलं. प्लायच्या आडव्या फळीतून पाइप जातो त्या भोकाच्या काठावर रबर घासून गेलं होतं आणि आतली तार दिसत होती, गंजून तांबूस झालेली. टाकी भरली की पेट्रोल बरोबर त्या उंचीला येत होतं.

आता व्हेंट. टाकीत लिटरभर पेट्रोल जायचं तर लिटरभर हवा बाहेर यायला हवी. ती येते बोटीच्या कुशीवरच्या लहानशा व्हेंट फिटिंगमधून. आमचा व्हेंट पाइप टाकीवरून निघून आधी खाली झोळीसारखा लोंबत होता आणि मग वर चढत होता. झोळीत पेट्रोल साठतं, हवेची वाट बंद होते आणि भरताना टाकी उचकी दिल्यासारखी पेट्रोल परत फेकते. आमच्याकडे पेट्रोल कॅनमधून नरसाळ्याने भरतात. पंपाच्या नळीसारखं ते आपसूक थांबत नाही, त्यामुळे उलटलेलं पेट्रोल डेकवर आणि तिथून थेट खणात.

फिटिंग काढलं तर आतल्या जाळीवर मिठाचा थर, आणि जाळीच्या बाहेर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. पावसाळ्यात बोट वर असताना तिला एवढी सोयीची जागा दुसरी कुठे मिळणार? जाळी गोड्या पाण्यात भिजवून दातांच्या ब्रशने साफ केली. ती जाळी आग आत जाऊ नये म्हणून असते, कटकट म्हणून काढून टाकू नका. व्हेंट मोकळा आहे का हे बघायला पाइप टाकीकडून सोडवून सायकलच्या पंपाने हवा मारायची. तोंडाने फुंकायला किंवा ओढायला जाऊ नये.

सामान

फिलर पाइप आतून ३८ मिलिमीटर म्हणजे दीड इंची, व्हेंट १६ मिलिमीटर म्हणजे पाच सुती. बहुतेक मोटरबोटींना हेच माप असतं, तरी जुन्या निपलवर (पाइप ज्यावर चढतो ती धातूची आखूड नळी) कॅलिपर लावून बघा. पाइप मरीन पेट्रोलचाच हवा. अंगावर आयएसओ ७८४० किंवा एसएई जे १५२७ असं छापलेलं असतं. दुकानदार तोंडाने सांगतो त्यावर नको, छापलेलं वाचा. दुसऱ्या छापात पुढे ए१, ए२, बी१, बी२ असं येतं. 'ए' म्हणजे अडीच मिनिटं ज्वाळेत तग धरण्याची चाचणी झालेला. आकडा झिरपण्याचा: दर चौरस मीटरला दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत तो १, ३०० ग्रॅमपर्यंत तो २. ए१-१५ असं असेल तर मर्यादा फक्त १५ ग्रॅमची.

फिलरमध्ये पेट्रोल फक्त भरतानाच असतं म्हणून तिथे ए२ चालतो, असं मानतात आणि ते बरोबर आहे, पण पाइपला पोट, म्हणजे खाली लोंबणारा झोल, नसेल तरच. आमचा पाइप १.८ मीटरचा. आतलं क्षेत्रफळ जवळजवळ ०.२१ चौरस मीटर. तो सतत भरलेला राहिला तर ३००च्या हिशोबाने दिवसाला साठ ग्रॅमच्या वर पेट्रोल नुसतं रबरातून बाहेर, तेही पाइप नवाकोरा असताना. म्हणून मी ए१-१५ घेतला आणि पोटही काढलं. किंमत ऐकून घरी दोन दिवस बोलणी खाल्ली.

क्लिपा स्टेनलेसच्या ३१६ ग्रेडच्या, अर्धा इंच रुंद. पट्टीला आरपार खाचा असलेल्या नको, त्या रबर कापतात. खाचा नुसत्या उठवलेल्या, पाठ सपाट अशा घ्या. दुकानात खिशात लोहचुंबक घेऊन जा. पट्टी चांगली आणि स्क्रू हलका, ही नेहमीची फसवणूक. स्क्रूला चुंबक चटकन चिकटला तर समुद्रावर वर्षभरात तो स्क्रू गंजणार. फिलरच्या प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, म्हणजे चार. व्हेंटच्या टाकीकडच्या टोकालाही मी दोन लावल्या.

डेकवरची प्लेट जुनी, वरून क्रोमची चमक, आत जस्ताचा ओतीव धातू. निपलचा भाग हातात भुगा होऊन आला. नवी ३१६ स्टेनलेसची घेतली. झाकणाची ओ-रिंगही बदला. टाकीत पाणी येण्याचं अर्धं कारण ती दहा-वीस रुपयांची रिंग असते. ई-२० ला व्हिटॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, चांगली.

कामाला लागण्यापूर्वी

टाकीतलं पेट्रोल हातपंपाने कॅनमध्ये काढलं. ड्रिलवर चालणारा पंप अजिबात नको. आणि टाकी रिकामी झाली म्हणजे धोका टळला असं नाही. भरलेल्या टाकीत जळायला हवाच नसते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडून बॅटरी खाली उतरवली. सगळे खण उघडून बोट एक रात्र तशीच वाऱ्यावर ठेवली. टेबलफॅन लावायचा मोह आवरा, त्यात ठिणगी पडू शकते. पावडरचा अग्निशामक हाताशी. मेस्त्रींची विडी वाडीच्या गडग्यापलीकडे, हे मीच ठरवलं आणि त्यांनी कुरकुर करत मानलं.

जुना पाइप काढताना

ओढून निघत नाही. वीस वर्षांचं रबर निपलला चिकटून एकजीव झालेलं असतं. पिळून काढायला गेलात तर टाकीवरचं ॲल्युमिनियमचं निपल मुळातून हलतं, आणि मग टाकी बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. धारदार सुरीने पाइप लांबीच्या दिशेने चिरायचा, निपलवर ओरखडा उठणार नाही इतपतच, आणि संत्र्याची साल सोलावी तसा सोलून काढायचा. ग्राइंडर नाही, हीट गन नाही.

पाइप दोन्हीकडून सुटला की एकदम ओढू नका. वरच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा आणि मग खालून ओढा. पाइप बाहेर येतो, दोरी त्याच्या वाटेवर राहते. नवा पाइप त्याच दोरीने आत जातो. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं, आणि नवा पाइप त्या पोकळीतून न्यायला अख्खी दुपार गेली होती.

निपल उघडं पडल्यावर जुन्या क्लिपेच्या जागी पांढरी पूड आणि बारीक खळगे दिसले. रबराखाली खारं पाणी अडकून राहतं, त्याचा हा परिणाम. बारीक पॉलिश पेपर हाताने फिरवून नखाने चाचपलं. खळगे नखाला जेमतेम लागत होते म्हणून निभावलं. नख अडकण्याइतके खोल असतील किंवा रबराच्या काठापर्यंत वाट काढत गेले असतील, तर नवा पाइपही गळणारच. मग टाकी काढून निपल नवं वेल्ड करून घ्यायचं, आणि तेही टाकी आतून वाफमुक्त करून देणाऱ्या माणसाकडूनच. आमच्या किनाऱ्यावर असे फार नाहीत. नवा पाइप चढेपर्यंत निपलच्या तोंडात लाकडी खुंटीला कापड गुंडाळून बूच मारून ठेवलं, म्हणजे वाफही येत नाही आणि स्क्रूही आत पडत नाही.

नवा बसवताना

मापात चूक झाली तर पाइप आखूड पडतो किंवा पोट धरतो. आधी दोरीने वाट मोजा, पोट कुठे पडेल बघा, मगच कापा. कापलेल्या तोंडाला तारेचं टोक बाहेर डोकावत असेल तर ते पकडीने आत दुमडून टाका, नाहीतर तिथूनच गंज आत शिरतो.

पाइपचं टोक थर्मासमधल्या गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरलं की रबर नरमतं. निपलवर साबणाचं पाणी. ग्रीस नाही, सिलिकॉन नाही, कुठलाही डिंक नाही. रबर आणि निपल यांच्यात सीलंट लावणं ही हौस आहे, तिने पाइप निसटतो. किमान ३५ ते ४० मिलिमीटर पाइप निपलवर चढला पाहिजे, म्हणजे दोन्ही क्लिपा निपलच्या उंचवट्याच्या मागे बसतात. क्लिप पाइपच्या अगदी काठावर नको, अर्धा सेंटिमीटर आत. दोन क्लिपांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. आवळताना रबर पट्टीच्या कडेला किंचित फुगलं की थांबा.

फळीतल्या त्या भोकाला या वेळी जाड रबरी कॉलर लावला आणि मध्ये दोन ठिकाणी पाइपला पट्टीचा आधार दिला. डेकपासून टाकीपर्यंत सरळ उतार. व्हेंट टाकीपासून सारखा चढता नेला आणि फिटिंगच्या अगदी जवळ, फिटिंगपेक्षाही वर एक वळसा दिला. लाट कुशीवर आदळली तरी पाणी त्या वळशावरून आत चढत नाही.

डेकच्या प्लेटखाली सिलिकॉन वापरू नका, पेट्रोलने ते सुटतं. पॉलिसल्फाइड सीलंट घ्या. प्लेटच्या भोवतीची डेक टकटक करून बघा. आवाज बद्द आला तर आतलं प्लाय पाणी पिऊन फुगलंय, आधी ते.

अर्थिंगची तार विसरतात ती शेवटी. पेट्रोल पाइपमधून वाहताना स्थिर वीज तयार होते. डेकची धातूची प्लेट रबराने टाकीपासून तुटलेली असते, म्हणून प्लेट ते टाकी आणि टाकी ते इंजिनाचं निगेटिव्ह अशी वेगळी तार लागते. आमची तार होती, पण कुणीतरी ती पाइप आणि निपलच्या मध्ये दाबून क्लिप आवळली होती. गळतीला ती एक वाट. तार प्लेटच्या स्क्रूला आणि टाकीच्या टॅबलाच जोडायची. मल्टिमीटरने प्लेट ते निगेटिव्ह रोध बघायचा. अमेरिकेच्या नियमात तो १०० ओमच्या आत हवा. आमचा २ ओमच्या आसपास आला. कॅन प्लास्टिकचा असेल तर तो हातात धरून नाही, जमिनीवर ठेवून भरायचा, आणि नरसाळं धातूचं, प्लेटला टेकलेलं.

गळती बघायला टाकीत पाणी घालून तपासणी नको. कॉम्प्रेसरची हवाही नको, टाकीच्या सपाट बाजू त्या दाबाला फुगतात. आम्ही आधी दहा लिटर, मग पन्नास, मग पूर्ण अशी टाकी भरली. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून दहा मिनिटं थांबलो. टिश्यूवर पेट्रोलचा ठिपका लगेच दिसतो. या वेळी भरताना गुडगुड नव्हती, उलटं काही आलं नाही. पूर्ण भरायचं म्हणजे गळ्यापर्यंत नाही, टाकीच्या ९० ते ९५ टक्के. सकाळी थंड भरलेलं पेट्रोल दुपारच्या उन्हात फुगतं आणि जागा नसेल तर व्हेंटमधून समुद्रात जातं.

पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर पाणी वेगळं करणारा फिल्टर सोडून बघा. आमच्यात जुन्या पाइपचे काळे कण निघाले. आठवड्याने क्लिपा परत तपासा, नवं रबर बसतं आणि पाव आटा ढिला होतो.

आणि इतकं सगळं करूनही सप्टेंबरात टाकी भरल्यावर सकाळी वास आला. भपकारा नाही, पण आला. पाइपवर फडका फिरवला, कोरडा. व्हेंट, कोरडा. शेवटी फडका टाकीच्या माथ्यावर, गेजच्या सेंडरभोवती फिरवला आणि तिथे सापडलं. पाच स्क्रूंची गोल चकती, खाली कॉर्कचं गॅसकेट, वाळून भुसभुशीत झालेलं. मेस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "तुका तेव्हाच सांगलेलंय, वरच्या अंगाक म्हणान." सांगितलं होतं खरं. व्हिटॉनचं गॅसकेट घातलं. पाच स्क्रूंची भोकं समान अंतरावर नसतात, सेंडर एकाच दिशेने बसतो. काढताना चकतीवर आणि टाकीवर मार्करने खूण करा, नाहीतर माझ्यासारखं चार वेळा फिरवत बसाल.